काळजी प्रभूपुढे कशी ठेवावी: चिंतेने ग्रासलेल्यांसाठी सुरुवातीच्या पायऱ्या

रात्री अडीच-तीनच्या सुमारास जाग येते, छाती धडधडत असते, आणि दिवसा किरकोळ वाटलेली गोष्ट, मग ती मुलाची फी असो, आईचा रिपोर्ट असो किंवा वरिष्ठांनी सहज उच्चारलेले एखादे वाक्य असो, अंधारात डोंगराएवढी होऊन समोर उभी राहते. अशा वेळी ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला बहुधा फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले वचन आठवते: ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका.’ वचन आठवते आणि चिंता मात्र जात नाही, तेव्हा मूळच्या ओझ्यावर दुसरे ओझे चढते, ते असे की मला चिंता वाटते त्याअर्थी माझा विश्वासच उणा असला पाहिजे.

माझ्या वडिलांच्या दीर्घ आजारपणात मी अशा रात्री वर्षभर काढल्या आहेत. एका प्रार्थनासभेत धीर करून मी ते बोलून दाखवले, तेव्हा एका ज्येष्ठांनी मला विश्वास वाढवण्याचा सल्ला दिला. सल्ला मनापासून दिलेला होता, पण त्यानंतर कित्येक महिने मी या विषयावर कोणाजवळही तोंड उघडले नाही. म्हणून हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी लिहीत आहे: जे नुकतेच प्रभूकडे वळले आहेत आणि प्रार्थना नेमकी कशी करतात हे ज्यांना ठाऊक नाही, आणि जे लहानपणापासून ‘प्रभूची प्रार्थना’ तोंडपाठ म्हणत आले, परंतु स्वतःची भीती मात्र देवापुढे कधी घेऊन गेले नाहीत. या पायऱ्या चढल्यावर चिंता नाहीशी होते असे वचन मी देऊ शकत नाही. ती कोणाजवळ आणि कशी बोलावी, एवढे मात्र निश्चित सांगता येते, आणि माझ्या अनुभवात सांत्वनाची सुरुवात तिथूनच झाली.

पहिली पायरी: अपराधीपणा उतरवून ठेवा

‘चिंताक्रांत होऊ नका’ असे लिहिणारा प्रेषित पौल, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश गावोगाव नेणारा त्याचा सेवक, ते पत्र लिहिताना बंदिवासात होता. याच पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या ११व्या अध्यायात आपण सोसलेल्या गोष्टींची मोठी यादी दिली आहे. त्यात फटके आहेत, जहाजे फुटणे आहे, उपासमार आहे, आणि यादीच्या शेवटी, २८व्या वचनात, सर्व मंडळ्यांविषयीची, म्हणजे ठिकठिकाणच्या ख्रिस्ती समुदायांविषयीची चिंता आपल्याला रोज ग्रासते असे तो सांगतो. मूळ ग्रीक भाषेत या दोन्ही ठिकाणी एकाच धातूपासून आलेले शब्द आहेत. म्हणजे चिंता न करण्यास सांगणाऱ्या माणसाला चिंता होती आणि ती त्याने लपवलीही नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेले वाक्य आपण बहुधा अर्ध्यावर तोडतो. पुढे ते सांगते की प्रत्येक गोष्टीविषयी प्रार्थना व विनंती करून, आभार मानून, आपले मागणे देवाला कळवा. त्या वाक्याचा भर चिंतेला दटावण्यापेक्षा तिला वाट काढून देण्यावर आहे.

येशूला अटक झाली त्या रात्रीचा गेथशेमाने बागेतला प्रसंगही या संदर्भात हळूहळू वाचावा (मार्क १४:३२-४२). तिथे प्रभू येशू अत्यंत व्याकूळ होतो, माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असे आपल्या मित्रांना सांगतो, आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर अशी विनवणी करतो. ख्रिस्त निष्पाप होता असे आपण मानतो; मग त्याने अनुभवलेली व्याकुळता स्वतःहून पाप कशी ठरेल?

यावर कोणी मत्तयाच्या ६व्या अध्यायाकडे बोट दाखवील, कारण तिथे प्रभू श्रोत्यांना ‘अल्पविश्वासी’ म्हणतो. ते खरे आहे, आणि तो शब्द आपण पुसून टाकू नये. मात्र तो कोणाला उद्देशून आला आहे, हे पाहावे. उद्या काय खावे आणि काय नेसावे या विवंचनेतल्या गोरगरीब लोकांना प्रभू तिथे आकाशातली पाखरे आणि रानातली फुले दाखवत आहे, आणि तुम्हाला या सगळ्याची गरज आहे हे तुमच्या स्वर्गीय पित्याला ठाऊक आहे, असे सांगत आहे. घाबरलेल्या मुलाला बाप ‘अरे, मी आहे ना!’ म्हणतो, तसा तो स्वर आहे. त्यातून कोणाला हाकलून दिलेले नाही.

दुसरी पायरी: देहाची विचारपूस करा

ही पायरी प्रार्थनेच्या आधी ठेवली आहे आणि ती जाणूनबुजून ठेवली आहे. १ राजे १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने जीव घेऊन पळतो, बैर-शेब्याच्या पलीकडे रानात एक दिवसाची वाट चालून एका झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. त्यावर देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा गडू पुढे ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत त्याला पुन्हा उठवून खायला घालतो, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे. देवाचा ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न येतो तो त्यानंतर, ४० दिवसांचा प्रवास करून तो होरेब डोंगरावर पोहोचल्यावर.

म्हणून आधी पाहा की आपण गेल्या आठवड्यात किती झोपलो, वेळेवर जेवलो का, संध्याकाळनंतर किती कप चहा घेतला, आणि अंथरुणात पडल्यावर मोबाइलवर काय पाहत राहिलो. या बाबींना आध्यात्मिक नाव द्यायची गरज नाही. त्या नीट केल्या तर प्रार्थनेला बसणारा माणूस निदान शुद्धीवर असतो.

याच पायरीवर डॉक्टरांचाही विषय येतो. चिंता आठवडेच्या आठवडे जवळजवळ रोज राहत असेल, झोप उडाली असेल, कामावर जाणे किंवा माणसांत मिसळणे टाळावेसे वाटत असेल, दारूचा आधार घ्यावा लागत असेल, तर डॉक्टरांना भेटावे. थायरॉइडच्या विकारातही धडधड, थरथर आणि बेचैनी अशीच जाणवते, तेव्हा तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे. छातीत पहिल्यांदाच दुखू लागले तर ते मनाचे आहे की हृदयाचे, याचा निवाडा घरी बसून करू नये. सरळ रुग्णालयात जावे. जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी जवळच्या माणसाला सांगावे आणि शासनाच्या ‘टेली-मानस’ या २०२२ साली सुरू झालेल्या मोफत सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे दिवसरात्र केव्हाही आणि मराठीतही बोलता येते.

औषध घेतल्याने विश्वास कमी ठरतो असे सांगणारे लोक आपल्या मंडळ्यांमध्ये अजूनही भेटतात आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण आपला स्वतःचा इतिहास नेमके उलट सांगतो. पौलाने लूकचा उल्लेख ‘प्रिय वैद्य’ असा केला आहे (कलस्सै ४:१४). मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभे केले, आणि डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० पासून जामखेडच्या दुष्काळी खेड्यांत आरोग्यसेवेचे काम उभारले, ते ख्रिस्ताच्या शिकवणुकीला धरूनच. ज्या प्रभूच्या नावाने ही रुग्णालये उभी राहिली, त्याच प्रभूच्या नावाने कोणी गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर ऐकू नये. चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम थांबवणे घातक ठरू शकते.

तिसरी पायरी: चिंता कागदावर उतरवून उलगडून ठेवा

यहूदाचा राजा हिज्कीया याला अश्शूरी दूतांच्या हातून धमकीचे पत्र आले, तेव्हा ते वाचून तो परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि ते पत्र त्याने परमेश्वरापुढे पसरून ठेवले (२ राजे १९:१४). मला हे चित्र फार आवडते. त्याने पत्राचा मथितार्थ सांगितला नाही; आलेला कागदच उलगडून ठेवला. आपल्याकडेही असे कागद असतात: बँकेची नोटीस, रक्ततपासणीचा अहवाल, निकालपत्र. तो कागद टेबलावर ठेवून प्रार्थनेला बसण्यात काहीही गैर नाही.

ज्या चिंतेचा कागद नसतो, तिचा आपण तयार करावा. साधी वही घ्यावी आणि एका ओळीत एक चिंता लिहावी, तीही नेमक्या शब्दांत. ‘पैशाचे कसे होणार’ हे नुसते धुके आहे. ‘१० तारखेला हप्ता भरायचा आहे आणि ४ हजार रुपये कमी पडत आहेत’ ही चिंता झाली. धुके कोणाच्या हाती देता येत नाही. ओळी लिहून झाल्यावर ज्यांच्याबाबत आज काही करता येण्यासारखे आहे त्यांच्यापुढे खूण करावी आणि ते काम करावे, कारण हप्त्याची मुदत वाढवून मागण्याचा फोन देव आपल्या वतीने करणार नाही. उरलेल्या ओळी मोठ्याने वाचाव्यात आणि प्रत्येकीनंतर ‘प्रभू, हे तुझ्यापुढे ठेवतो’ एवढेच म्हणावे.

पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:७) आपली सारी चिंता देवावर टाकण्यास सांगितले आहे. तिथे ‘टाका’ यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, ते नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी आढळते: यरुशलेमेत प्रवेश करण्याआधी शिष्यांनी आपली वस्त्रे शिंगराच्या पाठीवर टाकली तिथे (लूक १९:३५). खांद्यावरचे वस्त्र काढून जनावराच्या पाठीवर टाकणे ही हाताने करायची कृती आहे, आणि म्हणूनच मी वही-पेनाचा आग्रह धरतो.

चौथी पायरी: तक्रारीची प्रार्थना शिका

नवख्या माणसाची सर्वांत मोठी अडचण ही असते की प्रार्थनेत आपण सभ्य बोलले पाहिजे असे त्याला वाटते. स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधला स्तोत्रांचा ग्रंथ, उघडली की हा समज टिकत नाही. तिच्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी उघडउघड गाऱ्हाणी आहेत. सुरुवातीला १३वे स्तोत्र घ्यावे, कारण ते अवघ्या सहा वचनांचे आहे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो: देवा, तू मला कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार, मी मनात कोठवर विचारांचा घोळ घालत राहू, माझा शत्रू कोठवर वरचढ राहणार. मधल्या दोन वचनांत मागणे आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे. शेवटच्या दोन वचनांत विश्वासाचा शब्द आहे. परिस्थिती बदलली असे त्या स्तोत्रात कुठेही म्हटलेले नाही.

हा साचा घेऊन स्वतःचे स्तोत्र लिहावे. चार वाक्ये ‘कोठवर’ने सुरू करावीत, दोन वाक्यांत नेमके काय हवे ते मागावे, आणि शेवटी देवाने पूर्वी केलेल्या एखाद्या उपकाराची आठवण करावी. शेवटचे वाक्य मनातून येत नसेल तर ओढूनताणून लिहू नये. ८८वे स्तोत्र अंधार या शब्दापाशी येऊन थांबते, त्याला आशेची ओळ जोडलेली नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मला स्वतःला त्या स्तोत्राने जितका आधार दिला तितका अनेक विजयगीतांनी दिला नाही.

मराठी माणसाला ही तऱ्हा परकी वाटू नये. देवाशी भांडणे, रुसणे, त्याला जाब विचारणे हे आपल्या अभंगपरंपरेत मुरलेले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, आणि त्यांनीच अभंग व भजन ख्रिस्ती उपासनेत आणले. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या बाजूच्या मंडळ्यांमध्ये पेटी-तबल्यावर ती गीते आजही म्हटली जातात. ज्याला गद्यात प्रार्थना सुचत नाही त्याने एक गीत पाठ करून एकट्याने गुणगुणावे. सूर नीट लागला नाही तरी चालेल.

कोणता अनुवाद वाचावा, असे पुष्कळदा विचारले जाते. बायबल सोसायटीचे प्रचलित ‘पवित्र शास्त्र’ बहुतेक मराठी प्रोटेस्टंट घरांत असते आणि पाठांतराला ते उत्तम आहे. त्याची भाषा जड वाटणाऱ्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ पाहावे. अनुवाद निवडण्यात आठवडे घालवू नयेत.

पाचवी पायरी: घाबरगुंडीच्या क्षणासाठी एक वाक्य तयार ठेवा

एकाएकी श्वास अपुरा पडतो, हातपाय गार पडतात आणि आता काहीतरी भयंकर होणार असे वाटते, त्या क्षणी वही-पेन उपयोगाचे नसते आणि लांब प्रार्थनाही सुचत नाही. यासाठी एक छोटे वाक्य आधीपासून पाठ हवे. मी २३व्या स्तोत्रातले ‘तू माझ्याबरोबर आहेस’ हे तीन शब्द निवडले. त्या स्तोत्राच्या पहिल्या तीन वचनांत दावीद देवाविषयी ‘तो’ असे बोलतो: तो मला कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्याजवळ नेतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते, आणि नेमक्या त्याच ठिकाणी ‘तो’चा ‘तू’ होतो.

पाय जमिनीवर टेकवून बसावे, नाकाने सावकाश श्वास घ्यावा, आणि घेतला त्याहून अधिक वेळ लावून सोडताना हे शब्द मनात म्हणावेत. श्वास लांबवण्याची ही रीत पवित्र शास्त्रातली नाही, ती शरीराला शांत करणारी साधी युक्ती आहे, आणि ती वापरायला संकोच बाळगू नये. दिवसातून दोनदा, मन स्वस्थ असताना याचा सराव करावा. बुडताना पोहायला शिकता येत नाही.

सहावी पायरी: एक माणूस शोधा

गेथशेमानेत प्रभूने पेत्र, याकोब व योहान यांना जवळ घेतले आणि माझ्याबरोबर जागे राहा असे सांगितले. देवाच्या पुत्रालाही त्या रात्री सोबत हवी होती. ते तिघे झोपी गेले हेही खरे आहे, आणि ते लक्षात ठेवलेले बरे, कारण आपण निवडलेला माणूसही कधीतरी कमी पडेल.

निवड करताना जो गुपित पोटात ठेवतो आणि ऐकून घेतो, असा माणूस पाहावा. पाळकसाहेब किंवा पाळकबाई, फादर, संडे स्कूलच्या जुन्या शिक्षिका, मामेबहीण, कोणीही चालेल. भेटून काय बोलावे हे सुचत नसेल तर एवढे पुरे: ‘मला काही दिवसांपासून फार भीती वाटते आहे. तुमच्याकडून उत्तर नको आहे. दहा मिनिटे ऐका आणि माझ्यासाठी प्रार्थना करा.’ उत्तर नको, हे आधीच सांगितल्याने समोरच्याच्या मनावरचाही ताण उतरतो. सगळ्या प्रार्थनासभेपुढे सांगण्याची घाई करू नये; गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही, आणि मुलीच्या लग्नापासून नोकरीपर्यंत तिचे परिणाम भोगावे लागतात.

वसईतल्या अनेक कॅथलिक घरांत संध्याकाळी कुटुंबाने मिळून जपमाळेची प्रार्थना करण्याची प्रथा आहे. चिंतेने गांजलेल्या माणसासाठी तिच्यात एक मोठी सोय आहे: शब्द ठरलेले असतात, ते दुसरे कोणीतरी सुरू करते, आणि आपण नुसते मागून म्हणत राहिलो तरी प्रार्थना घडते. प्रोटेस्टंट घरांतली रात्रीची कुटुंबप्रार्थनाही असेच काम करते, मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांनी तिचा उपयोग मुलांना सुनावण्यासाठी करू नये.

एक इशारा द्यायलाच हवा. आजार हमखास घालवण्याच्या बदल्यात जो पैसे मागतो, जो तुमच्या चिंतेला शाप किंवा भूतबाधा ठरवून घाबरवतो, किंवा जो घरच्यांपासून तोडू पाहतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. त्याच्या तोंडी पवित्र शास्त्रातली वचने असली तरीही जाऊ नये.

रविवारच्या उपासनेबद्दल थोडेच सांगतो. जावे. गर्दीत जीव गुदमरत असेल तर दाराजवळच्या बाकावर बसावे, गाणे म्हणवत नसेल तर ऐकावे, उपदेश डोक्यात शिरला नाही तरी प्रभुभोजनाला पुढे जावे. भाकर हातात पडते तेव्हा त्यासाठी काही जाणवावेच लागते असे नाही.

सांत्वन आले नाही तर

पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून प्रभूजवळ तीनदा विनंती केली, आणि काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेशी आहे, एवढे उत्तर मिळाले (२ करिंथ १२:७-९). तो काटा नेमका कोणता होता हे पौलाने लिहिलेले नाही, म्हणून ज्याला जे सलते ते त्याने तिथे ठेवून पाहावे. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी जो ग्रीक शब्द आला आहे, त्याचा अर्थ हाकेसरशी बाजूला येऊन उभा राहणारा असा होतो, आणि आपल्या मराठी भाषांतराने त्याला ‘कैवारी’ म्हटले आहे. कैवारी खटला रद्द करीलच असे नाही. तो आपल्या बाजूने उभा असतो. माझ्या वडिलांचा आजार बरा झाला नाही. त्या वर्षात मला मिळालेले सांत्वन याच प्रकारचे होते, आणि ते कमी प्रतीचे होते असे मला आज वाटत नाही.

पहिल्या आठवड्यासाठी

सगळ्या पायऱ्या एकदम चढू नयेत. पहिले दोन दिवस फक्त झोप व जेवण सांभाळावे आणि गरज असेल तर डॉक्टरांची वेळ घ्यावी. तिसऱ्या दिवशी वहीत ओळी लिहाव्यात. चौथ्या व पाचव्या दिवशी १३वे स्तोत्र सकाळ-संध्याकाळ मोठ्याने वाचावे. सहाव्या दिवशी निवडलेल्या माणसाला फोन करावा. रोज झोपण्यापूर्वी त्या दिवसातली एक गोष्ट आठवून तिच्यासाठी आभार मानावेत. ती फोडणीच्या वासाएवढी लहान असली तरी चालते. सातव्या दिवशी वहीतल्या त्या पानावर तारीख घालून ते पवित्र शास्त्रात १३व्या स्तोत्रापाशी ठेवावे आणि महिनाभराने उघडावे. ज्या ओळींचे काम झाले असेल त्या खोडाव्यात, आणि ज्या उरल्या असतील त्या नव्या पानावर उतरवून घेऊन पुन्हा त्याच ठिकाणी ठेवाव्यात.